पीसीओएस आणि दिवस राहणं: कोकणातल्या घरांतून येणारे प्रश्न

आधी रत्नागिरीत आणि आता सिंधुदुर्गात, स्त्रीरोग विभागात मी समुपदेशनाचं काम करते. औषध लिहून देणं डॉक्टरांचं. ते का दिलं, कसं घ्यायचं, घरी काय सांगायचं, हे बसून बोलणं माझं. खालचे प्रश्न तिथे पुन्हा पुन्हा येतात. काही बायका थेट विचारतात, काही सासूला बाहेर बाकावर बसवून मग विचारतात. ही उत्तरं वाचून गोळ्या स्वतःहून सुरू करू नका, पण डॉक्टरांसमोर बसताना ती लक्षात असू द्या.

पीसीओडी आहे म्हणाले. आता मला मूल होणारच नाही का?

होऊ शकतं, आणि पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे अंडाशयात पुष्कळ बारीक पिशव्या दिसणारा विकार; यालाच पीसीओडीही म्हणतात) असलेल्या बहुतेक बायकांना होतंही. काहींना काहीच न करता, काहींना गोळ्यांनी, थोड्या जणींना पुढचे उपचार घेऊन.

या आजारात अंडी संपलेली नसतात. उलट भरपूर असतात, ती वेळेवर बाहेर पडत नाहीत. ज्या बाईची पाळी दर महिन्याला येते तिच्या शरीरात वर्षाला बारा-तेरा वेळा अंडं फुटतं, म्हणजे बारा-तेरा संधी. जिची पाळी वर्षातून चार-पाचदाच येते तिला संधीही तेवढ्याच, कधी त्याहून कमी, कारण पाळी आली म्हणजे आधी अंडं फुटलंच होतं असं नसतं. संधी थोड्या, आणि कधी येतील ते ठाऊक नाही, हा खरा तिढा. म्हणून उपचाराचा बहुतेक भर एकाच गोष्टीवर असतो: अंडं फुटायला लावणं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या ८ ते १३ टक्के बायकांना हा त्रास असतो, आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत बायकांना तो आहे हे माहीतच नसतं. तुमच्या वाडीतही तुम्ही एकट्या नसणार.

सोनोग्राफीत 'गाठी' लिहिल्यात. त्या ऑपरेशन करून काढाव्या लागतात का?

नाही. त्या गाठी नाहीतच, आणि या एका शब्दाने किती बायकांची झोप उडवली आहे ते मी रोज बघते.

दर महिन्याला अंडाशयात अंड्यांच्या बऱ्याच बारीक पिशव्या वाढायला लागतात. त्यातली एक पुढे निघते, १८ ते २० मिलिमीटरच्या आसपास पोचली की फुटते आणि अंडं बाहेर येतं. पीसीओएसमध्ये सगळ्याच अर्ध्या वाटेत, दहा मिलिमीटरच्या आत, थांबतात. आंब्याला कणी भरपूर धरावी आणि एकही फळ मोठं होऊ नये, तसं. सोनोग्राफीत दिसतात त्या याच थांबलेल्या पिशव्या. प्रत्येकीत एक अंडं असतं. त्या काढून टाकायच्या नसतात, त्यांतली एक वाढवायची असते.

नावाचा घोळ जुना आहे. १९३५ साली शिकागोच्या स्टीन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात बायकांमधला हा आजार लिहून ठेवला, तेव्हा मोठे झालेले अंडाशय आणि त्यांतल्या पाणी भरलेल्या पिशव्या एवढंच डोळ्यांना दिसत होतं. त्यावरून नाव पडलं. मूळ बिघाड संप्रेरकांत (हार्मोन्समध्ये) आहे, हे नंतर उमगत गेलं.

पीसीओडी आणि पीसीओएस वेगळे असतात ना? माझं 'नुसतं पीसीओडी' आहे.

आपल्याकडे दोन्ही नावं एकाच गोष्टीला वापरतात. 'डी' साधा आणि 'एस' गंभीर अशी वाटणी डॉक्टरांच्या निकषांत नाही.

मग नेमकं ठरवतात कसं?

२००३ मध्ये रॉटरडॅमला ठरलेले निकष आजही वापरतात. तीनपैकी दोन गोष्टी हव्यात. एक, पाळी अनियमित: ३५ दिवसांहून लांबणारी, २१ दिवसांच्या आत येणारी किंवा वर्षात आठपेक्षा कमी वेळा येणारी. दोन, पुरुषी संप्रेरकं जास्त असल्याची खूण: हनुवटीवर, छातीवर जाड केस, हट्टी पुरळ, टाळू विरळ होणं, किंवा रक्ताच्या तपासणीत तसं दिसणं. तीन, सोनोग्राफीत अंडाशयाचं ते विशिष्ट रूप. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ बाईत सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्ताची तपासणीही चालते.

शिवाय थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं संप्रेरक) तपासायलाच हवं, कारण तिथल्या बिघाडानेही पाळी लांबते. पाळी दर महिन्याला नेमाने येते, केस नाहीत, पुरळ नाही, फक्त सोनोग्राफीत तसे अंडाशय दिसले, तर तो पीसीओएस नाही. अनेक निरोगी तरुणींचे अंडाशय तसे दिसतात. अशा मुलींना हातात रिपोर्ट घेऊन रडताना पाहिलं की फार वाईट वाटतं.

माझं एएमएच ९ आलंय. जास्त आलं म्हणजे वाईट का?

थांबलेल्या पिशव्या जास्त, म्हणून आकडा जास्त. अंड्यांचा साठा संपत आलाय असा त्याचा अर्थ मुळीच नाही. पण वाढतं वय हा साठाही कमी करतं आणि अंड्यांचा दर्जाही. तेव्हा आकडा चांगला आहे म्हणून पस्तिशीपर्यंत निवांत राहू नका.

हे मलाच का झालं? मानही काळी पडलीय, कितीही घासली तरी जात नाही.

ती काळी मान मळाची नाही. मान, काख, जांघ इथली कातडी जाडसर आणि काळी होणं ही शरीरात इन्शुलिन जास्त फिरत असल्याची खूण आहे. घासून तिचे हाल करू नका.

पीसीओएस असलेल्या बऱ्याच बायकांत इन्शुलिन नीट लागू पडत नाही, म्हणून शरीर ते जास्त बनवतं. वाढलेलं इन्शुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं. दुसरीकडे यकृत ही संप्रेरकं बांधून ठेवणारं प्रथिन कमी बनवतं, म्हणजे मोकळी फिरणारी संप्रेरकं आणखी वाढतात. मेंदूकडून येणारे इशारेही बिनसतात: अंडं फुटायला लावणारं एलएच हे संप्रेरक जास्त आणि पिशवी वाढवणारं एफएसएच त्या मानाने कमी. या सगळ्यात अंड्याची पिशवी वाढायची थांबते. अनुवंशही असतो. आईला मधुमेह, बहिणीची पाळी अनियमित, असं विचारलं की पुष्कळदा निघतं.

म्हणून पीसीओएस कळल्यावर साखरेची तपासणी करून घ्या, वय पंचवीस असलं तरी. सर्वांत नेमकी तपासणी म्हणजे उपाशीपोटी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी, मग दोन तासांनी पुन्हा रक्त.

मी तर बारीक आहे, ४८ किलो. मला कसं होईल?

होतं. बारीक बायकांतही पीसीओएस असतो, आणि आपल्या लोकांत वजन काट्यावर कमी दिसलं तरी चरबी पोटावर असू शकते. म्हणून कमरेचा घेर मोजा; आपल्याकडच्या बाईसाठी ८० सेंटिमीटर ही सावध होण्याची रेघ मानतात. घेर कमी आणि वजनही कमी असेल तर उपाशी राहून आणखी बारीक होऊ नका. जेवण तोडल्याने पाळी आणखी लांबू शकते.

भात बंद करू का? आणि आंबा? मासे चालतात?

भात बंद करू नका. जे आयुष्यभर पाळता येणार नाही ते पंधरा दिवस पाळून काही मिळत नाही. पीसीओएससाठी कुठलाही एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही, हे २०२३ च्या सूचनांतही सांगितलं आहे.

बदलायचं ते ताटातलं प्रमाण. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री पुन्हा भात, आणि सोबत पातळ आमटी, असं आपल्याकडे अनेक घरांत चालतं. तिन्ही वेळा पोट भरतं ते तांदळानं. भाताची एक मूद कमी करून त्या जागी कुळथाची पिठी घट्ट करून, मुगाची उसळ, काळ्या वाटाण्याचं सांबारं, अंडं किंवा मासळी वाढवा. घावणे असतील तर नुसत्या चटणीऐवजी उसळ घ्या. नाचणीची भाकरी चांगली, पण गूळ घालून पातळ केलेलं नाचणीचं सत्त्व हे त्या भाकरीसारखं काम करत नाही. पातळ आणि गोड पदार्थ साखर लवकर चढवतो.

मासळी तर आपली श्रीमंती आहे. बांगडा, तारली हे स्वस्त मासे उत्तम प्रथिनं आणि चांगली चरबी देतात. कालवण करा किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजा. सुक्या मासळीत मीठ फार, ती बेताने. हापूस हंगामात दिवसाला एक खा आणि समाधानाने खा. साखर घातलेला आमरस आणि पुऱ्या वेगळ्या. फणसाचे गरे मूठभर.

माझ्या अनुभवात खरा घात भात-आंब्याने होत नाही. तो होतो दिवसातून पाच वेळा घेतलेल्या गोड चहाने आणि त्यासोबतच्या खारी, बटर, फरसाणाने. आहार विचारला की हे कुणी मोजतच नाही.

वजन जास्त असेल तर आधीच्या वजनाच्या ५ ते १० टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते. ७० किलोच्या बाईला हे साडेतीन ते सात किलो. आठवड्याला किमान १५० मिनिटं घाम येईल असं चालणं किंवा काम हवं. जून-जुलैत लावणीला वाकता तेव्हा व्यायाम आपोआप होतो. मग पावसाचे उरलेले महिने घरात जातात. पडवीत, माळ्यावर, जिन्यावर, कुठेही करा, पण थांबू नका. आणि एक लक्षात ठेवा: वजन उतरेपर्यंत उपचारच नको असं सरसकट कुणी सांगत असेल, वय तिशी ओलांडून गेलं असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. दोन्ही गोष्टी सोबत चालू शकतात.

लग्नाला सहा महिने झाले. अजून किती थांबू?

पाळी नियमित असलेल्या, पस्तिशीच्या आतल्या जोडप्याने एक वर्ष, पस्तिशीनंतर सहा महिने थांबावं असा नियम आहे. पण तो तुमच्यासाठी नाही. दोन-तीन महिने पाळीच येत नसेल तर वर्षभर थांबून काय साधणार? मूल हवं असं ठरलं की लगेच दाखवा. त्याच दिवसापासून फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज सुरू होते; वजन किंवा साखर जास्त असेल तर डॉक्टर जास्त मात्रा देतात.

चेहऱ्यावरच्या पुरळासाठी किंवा केसांसाठी आधीपासून औषधं चालू असतील तर ती नावं डॉक्टरांना दाखवा. आयसोट्रेटिनॉइन आणि स्पायरोनोलॅक्टोन ही औषधं पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतात. आयसोट्रेटिनॉइन मूल धरण्याआधी किमान महिनाभर थांबवावं लागतं.

दोष माझ्यात सापडलाय. मग नवऱ्याची तपासणी कशाला?

कारण मूल न राहणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण एकटं किंवा बाईच्या कारणासोबत असतं. पीसीओएस सापडला म्हणून त्याचं वीर्य ठीक आहे असं ठरत नाही. तपासणी साधी आहे: दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा. सुई नाही, दुखणं नाही.

याबाबत मी कुणाचीही भीड ठेवत नाही. बाईच्या दोन वर्षं सोनोग्राफ्या, गोळ्या, इंजेक्शनं झाली आणि नवऱ्याचा पहिला रिपोर्ट तिसऱ्या वर्षी आला, अशी जोडपी मी पाहिली आहेत. ती दोन वर्षं तिला कोण परत देणार? पहिल्याच भेटीत नवऱ्याचा नमुना मागा. सासूबाई 'आमच्या मुलाला काय धाड भरलीय' म्हणाल्या तर त्यांनाच आत घेऊन या, मी समजावते. बहुतेक जणी समजतात.

नवरा मुंबईला, मी गावी. तो गणपतीला आणि शिमग्याला येतो. मग जमायचं कसं?

कोकणातला हा सगळ्यांत खरा प्रश्न. कुठे नवरा चाकरमानी, कुठे ट्रॉलरवर, कुठे जहाजावर सहा-सहा महिने. पुष्कळदा 'उपचार लागू पडला नाही' असं जे वाटतं ते प्रत्यक्षात 'ज्या दिवशी अंडं फुटलं त्या दिवशी नवरा घरी नव्हता' असं असतं.

आधी गणित समजून घ्या. अंडं फुटल्यावर १२ ते २४ तासच टिकतं. पुरुषबीज आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं. म्हणजे महिन्यातले सुमारे सहा दिवस कामाचे: अंडं फुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. पाळी अनियमित असेल तर हे दिवस कॅलेंडरवर मोजता येत नाहीत. मोबाइलमधली ॲप २८ दिवसांचा हिशोब धरून चुकीची तारीख दाखवतात. औषधाच्या दुकानातली अंडं फुटण्याची पट्टीसुद्धा पीसीओएसमध्ये फसवू शकते, कारण एलएच आधीच वाढलेलं असतं.

गोळ्यांचा उपचार चालू असेल तेव्हा मात्र दिवस बऱ्यापैकी सांगता येतात. लेट्रोझोल ही अंडं फुटायला लावणारी गोळी पाळीच्या तिसऱ्या ते सातव्या दिवशी घेतली, तर अंडं बहुधा शेवटच्या गोळीनंतर पाच ते दहा दिवसांत, म्हणजे बाराव्या ते सतराव्या दिवसाच्या दरम्यान फुटतं. नवरा अकराव्या दिवशी घरी आला आणि आठवडाभर राहिला, दिवसाआड संबंध आला, तर संधी पकडता येते.

पाळीच येत नसेल तर ती आणण्यासाठी डॉक्टर प्रोजेस्टेरॉनच्या गटातली गोळी पाच ते दहा दिवस देतात (आधी दिवस गेले नाहीत ना याची तपासणी करून). ती संपल्यावर साधारण दोन ते सात दिवसांत पाळी येते. हे सगळं गणेश चतुर्थीपासून मागे मोजलं, तर डॉक्टरांना श्रावण लागायच्या आधी भेटायला हवं. नवरा आल्यावर धावत यायचं नाही, तो यायच्या महिनाभर आधी यायचं. आणि किती मात्रेने तुमचं अंडं फुटतं, हे त्याच्या आधीच्या एखाद-दोन महिन्यांत, तो घरी नसतानाही, फॉलिकल स्टडीने (अंड्याची पिशवी कशी वाढते ते सोनोग्राफीत बघणं) पाहून ठेवता येतं. म्हणजे मोलाची सुट्टी प्रयोगात जात नाही.

तरीही, सगळं बरोबर असलेल्या तरुण जोडप्यालाही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता चारात एक किंवा त्याहून थोडी कमीच असते. वर्षातून दोन सुट्ट्यांवर हे सोडता येणार नाही. शक्य असेल तर सहा महिने तुम्हीच मुंबईला जाऊन राहा. खोली लहान आहे, सासूबाई गावी एकट्या आहेत, सगळं मला ठाऊक आहे. तरी घरात हा विषय काढा. मासेमारी करणाऱ्या घरात पावसाळी बंदीचे महिने यासाठी राखून ठेवा. नवरा जहाजावर असेल तर निघण्यापूर्वी नोंदणीकृत केंद्रात वीर्य गोठवून ठेवण्याचीही सोय असते.

चिठ्ठीवर लेट्रोझोल आहे. गुगल केलं तर ती स्तनाच्या कॅन्सरची गोळी निघाली!

दोन्ही खरं आहे, घाबरू नका. लेट्रोझोल शरीरातलं इस्ट्रोजेन तात्पुरतं कमी करतं. कॅन्सरमध्ये ते दीर्घकाळ देतात. इथे फक्त पाच दिवस: इस्ट्रोजेन घटलेलं पाहून मेंदू एफएसएच वाढवतो आणि थांबलेल्या पिशव्यांतली एक पुढे निघते. दिवस राहण्याच्या वेळेपर्यंत गोळीचा अंश जवळपास निघून गेलेला असतो.

२०१४ साली अमेरिकेत ७५० पीसीओएस असलेल्या बायकांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के बायकांच्या घरी मूल आलं, जुन्या क्लोमिफीनवर १९.१ टक्के. तेव्हापासून हीच पहिली गोळी मानली जाते. भारतात २०११ मध्ये वंध्यत्वासाठी तिच्या वापरावर बंदी आली होती. २०१७ मध्ये ती उठली. जुन्या बातम्या अजून फिरतात, म्हणून हे सांगितलं.

सुरुवात २.५ मिलिग्रॅमने होते. अंडं फुटलं नाही तर पुढच्या वेळी ५, मग ७.५. पहिल्या महिन्यात काही झालं नाही म्हणून डॉक्टर बदलू नका. उलट अंडं फुटतंय की नाही हे कधीच न पाहता वर्षभर त्याच गोळ्या देत राहिले असतील, तर नक्की विचारा. अंडं फुटूनही काही महिने दिवस राहिले नाहीत तर अंडं वाहून नेणाऱ्या नळ्या मोकळ्या आहेत का, ते एक्स-रेने बघतात.

मेटफॉर्मिन का दिलं? मला मधुमेह नाही.

ती इन्शुलिन नीट लागू पडावं म्हणून. पाळी सुधारायला मदत होते, पण मूल व्हायला लेट्रोझोलइतका तिचा एकटीचा उपयोग नाही. सुरुवातीला मळमळ, जुलाब होतात. जेवणासोबत आणि थोड्या मात्रेने सुरू केली की सोसते. खूप महिने चालू असेल तर बी-१२ तपासून घ्या.

शेजारणीने सांगितलं, पिशवी धुऊन घे, लगेच दिवस राहतात.

नका घेऊ. गर्भपिशवी धुतल्याने, साफ केल्याने अंडं फुटत नाही. उलट खरवडताना आतलं अस्तर दुखावलं तर पिशवीच्या भिंती एकमेकींना चिकटू शकतात आणि नवीनच अडचण उभी राहते. अस्तर फार जाड झालं असेल, रक्तस्राव थांबत नसेल, तर तुकडा तपासायला घ्यावा लागतो. ते कारण वेगळं.

दुर्बिणीचं ऑपरेशन करा म्हणाले.

अंडाशयाला बारीक छिद्रं पाडण्याची ही पद्धत आहे, आणि गोळ्यांनी अंडं फुटलं नाही तर काहींना उपयोगी पडते. पहिली पायरी मात्र ही नव्हे. तिने अंड्यांचा साठा कमी होऊ शकतो, आतले अवयव एकमेकांना चिकटूही शकतात. लेट्रोझोल पूर्ण मात्रेपर्यंत देऊन पाहिलं का, हे आधी विचारा.

टेस्ट ट्यूब बेबी करायलाच लागेल का? त्यासाठी कोल्हापूर, मुंबई किंवा गोवा गाठावं लागतं.

बहुतेकींना लागत नाही. गोळ्या, मग इंजेक्शनं, हे करून जमलं नाही, किंवा नळ्या बंद आहेत, पुरुषबीज फार कमी आहे, तेव्हा तो मार्ग. २०२१ च्या कायद्यानुसार असं प्रत्येक केंद्र नोंदणीकृत असायला हवं, बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ मध्ये असायला हवं. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

पीसीओएस असलेल्या बाईने एक धोका नीट समजून घ्यायला हवा. इंजेक्शनांनी एकदम खूप पिशव्या वाढल्या तर अंडाशय सुजतात, पोटात पाणी साठतं. आता हे टाळायच्या चांगल्या पद्धती आहेत: सौम्य प्रोटोकॉल, वेगळं ट्रिगर (अंडी पिकवणारं शेवटचं) इंजेक्शन, गर्भ गोठवून पुढच्या महिन्यात सोडणं. तरीही अंडी काढल्यावर त्याच रात्रीची गाडी पकडून गावी येऊ नका, दोन-चार दिवस तिथेच राहा. पोट फुगलं, लघवी कमी झाली, धाप लागली, एक-दोन दिवसांत वजन किलो-दोन किलोंनी वाढलं, तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.

देवाला नवस बोललोय, कौलही घेतला. गावठी औषधही चालू आहे.

नवस बोला, गाऱ्हाणं घाला. मीही घालते. फक्त 'कौल दिलाय, पुढच्या जत्रेपर्यंत थांबू' असं म्हणून महिने घालवू नका. गावठी औषधाचं माझं म्हणणं वेगळं आहे: त्यात काय आहे ते देणारा सांगत नसेल तर घेऊ नका. काही पुड्यांत जड धातू सापडले आहेत, आणि त्या वेळी तुमच्या पोटात बाळ असू शकतं. निदान डॉक्टरांपासून लपवू तरी नका.

मुलगी सोळा वर्षांची आहे, पाळी दोन-दोन महिने येत नाही. सोनोग्राफी करू? पुढे लग्नाचं काय?

पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्ष ती अनियमित असणं स्वाभाविक आहे. तीन वर्षांपर्यंत ४५ दिवसांचं अंतरही चालतं. त्यानंतरही लांबत असेल, किंवा पहिल्या वर्षानंतर कधी ९० दिवस आलीच नाही, तर दाखवा. पण पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत निदानासाठी सोनोग्राफी करू नये असं मार्गदर्शन आहे, कारण त्या वयात निरोगी अंडाशयही तसेच दिसतात.

लग्न लावलं की पाळी सुधारते, हे खोटं आहे. स्थळ आलं तर सांगावं का? माझं मत, सांगावं. पण मुलीने मुलाला, तिला योग्य वाटेल तेव्हा, तिच्या शब्दांत. तिचे रिपोर्ट मध्यस्थाच्या मोबाइलवरून गावभर फिरवू नयेत.

मला आत्ता मूल नको. पाळी चार महिन्यांनी येते, तेवढीच कटकट कमी!

तसं सोडू नका. अंडं फुटत नाही तेव्हा गर्भपिशवीचं अस्तर जाड होत राहतं, आणि वर्षानुवर्षं असं झालं तर त्यात पुढे कॅन्सरचा धोका वाढतो. निदान तीन महिन्यांतून एकदा पाळी यायला हवी, गरज पडली तर गोळीने. पाळी नियमित करणाऱ्या गर्भनिरोधक गोळ्यांनी वंध्यत्व येत नाही. आणि मूल नको असेल तर काळजी घ्याच. अंडं कधी फुटेल ते सांगता येत नाही, म्हणून 'मला काही होणार नाही' या भरवशावर राहिलेल्या बायका अचानक तीन महिन्यांच्या गरोदर होऊन येतात.

दिवस राहिले! आता आजार संपला ना?

अभिनंदन. आता लवकर नाव नोंदवा आणि आशाताईंना पीसीओएस असल्याचं सांगा. गरोदरपणातला मधुमेह आणि वाढलेलं बीपी तुमच्यात जास्त दिसतं, म्हणून साखर सुरुवातीलाच आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत तपासतात. मेटफॉर्मिन चालू असेल तर मनाने थांबवू नका, विचारा.

घरात टोमणे ऐकून जीव नकोसा होतो. नवऱ्याचं दुसरं लग्न करू म्हणतात.

पीसीओएस असलेल्या बायकांत उदासी आणि चिंता जास्त आढळते, आणि तपासणीतच त्याबद्दल विचारावं असं मार्गदर्शक सूचना सांगतात. झोप लागत नाही, जगावंसं वाटत नाही, असं असेल तर ते पाळीइतकंच डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. आणि कायदा ठाऊक असू द्या: १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मूल न होणं हे घटस्फोटाचं कारण नाही, आणि पहिलं लग्न टिकून असताना दुसरं करणं गुन्हा आहे.

पहिल्या भेटीला काय घेऊन येऊ?

घरातलं कॅलेंडर. कालनिर्णयच्या पानावर पाळीच्या तारखांभोवती केलेले गोल ही सगळ्यांत मोलाची माहिती असते. वर्षाची पानं असतील तर सगळी आणा. जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं. आई-बहिणींत मधुमेह कुणाला आहे, ते विचारून या. आणि शक्यतो नवऱ्याला सोबत आणा. तो मुंबईला असेल तर त्याची पुढची सुट्टी कधी आहे, ती तारीख लिहून आणा.